ट्रेनिंग म्हणताय ना? मग शिकवा!

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलामुलींना वर्षभरासाठी अमेरिकेत नेणारा एक व्हिसा आहे. जे-१ त्याचं नाव. त्याबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. एक सूर इन्स्टाग्रामवरच्या रील्सचा: मागे बर्फाचे डोंगर, पुढे ब्लेझर घातलेला पोरगा आणि खाली 'डॉलरमध्ये स्टायपेंड, इंटरनॅशनल ब्रँड, मोजक्याच जागा, आजच डीएम करा'. दुसरा सूर लग्नाच्या पंगतीतल्या काकांचा: 'लाखो रुपये भरून पोरगं तिकडे जाऊन करणार काय, तर गोऱ्यांची उष्टी काढणार!'

मला या दोन्ही सुरांचा राग येतो. वरवर ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण खरं तर ते एकमेकांना पोसतात. काका उष्टी काढण्याला नाक मुरडतात, म्हणून एजंटला 'ट्रेनिंग' हा शब्द चढ्या भावाने विकता येतो. आणि एकदा का तो शब्द मधे आला, की पोराला ना धड कामगार म्हणून भांडता येत, ना धड विद्यार्थी म्हणून काही शिकायला मिळत.

मी हॉटेलवाला नाही. इंजिनियरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझा या व्हिसाशी संबंध आला तो फॉर्ममुळे. नात्यात कोणालाही ऑनलाइन काही भरायचं असलं, पीएफ काढायचा असो की पासपोर्टची अपॉइंटमेंट घ्यायची असो, लिंक माझ्या व्हॉट्सॲपवर येते. 'तू कॉम्प्युटरमधला ना' एवढी पात्रता पुरते. तसे मावसभावाचे जे-१चे कागद माझ्याकडे आले. व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरून झाल्यावर मी बाकीचे कागदही वाचले. क्लायंटने लिहून काय दिलंय आणि प्रत्यक्षात त्याला काय हवंय यातलं अंतर शोधण्याचे मला पगार मिळतात, त्यामुळे ही सवय सुटत नाही.

कागदावर हा व्हिसा फार सुंदर आहे

१९६१ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सिनेटर फुलब्राइट यांचं नाव त्याला जोडलं गेलंय. फुलब्राइट शिष्यवृत्ती तुम्ही ऐकली असेल, तेच हे. देशोदेशीच्या माणसांनी अमेरिकेत यावं, शिकावं, एकमेकांना ओळखावं आणि परत जावं, असा त्यामागचा विचार. जे-१ व्हिसा या कायद्यातून येतो. म्हणून तो कामगार खात्याकडे नाही, परराष्ट्र खात्याकडे आहे. संशोधक, प्राध्यापक, डॉक्टर, मुलं सांभाळणाऱ्या ऑ पेअर मुली, उन्हाळ्यात काम करणारे विद्यार्थी, असे कितीतरी प्रकार या एका व्हिसाखाली येतात. हॉटेलवाल्यांच्या कामाचे त्यातले दोन: इंटर्न आणि ट्रेनी.

इंटर्न म्हणजे अजून शिकत असलेला किंवा पदवी मिळून १२ महिने न झालेला. ट्रेनी म्हणजे पदवी अधिक त्या क्षेत्रातला किमान एक वर्षाचा अनुभव, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव. आणि हा अनुभव अमेरिकेबाहेरचा हवा. इतर क्षेत्रांतल्या ट्रेनींना १८ महिने मिळू शकतात. हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रातल्या ट्रेनीला मात्र १२च. म्हणजे हॉटेलवाल्याच्या बाबतीत इंटर्न असो की ट्रेनी, कमाल मुदत सारखीच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

नियम इथेच थांबत नाहीत. हॉटेल क्षेत्रातला कार्यक्रम सहा महिन्यांचा किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांत फिरवलं पाहिजे. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. स्थानिक कामगाराच्या जागी ट्रेनीला उभं करता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्याला ते 'अकुशल काम' म्हणतात त्यावर ठेवता येत नाही.

अकुशल काम म्हणजे काय? त्याची यादी नियमांच्या परिशिष्टात दिली आहे. त्यात बारटेंडर आहे. हॉटेलातला सफाई कामगार आहे. हाउसकीपर, पोर्टर, रिसेप्शनिस्ट, स्वयंपाकघरातला मदतनीस, डायनिंग रूममधला मदतनीस आहे. झटपट पदार्थ करून देणारा कुकसुद्धा आहे.

आता तुम्ही मला सांगा, हॉटेलात नव्याने लागलेल्या माणसाला दुसरं कोणतं काम असतं?

म्हणजे हा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे. तुम्ही रिसेप्शनवर उभे आहात आणि कोणी तुम्हाला शिकवत नाहीये, तर नियमाप्रमाणे तुम्ही तिथे असायलाच नको. तुम्ही रिसेप्शनवर उभे आहात आणि शेजारी कोणी बुकिंगचं गणित, दर ठरवण्याची पद्धत, चिडलेल्या पाहुण्याला हाताळण्याची रीत शिकवतंय, तर तुम्ही ट्रेनी. काम तेच, गणवेश तोच, तास तेच. शिकवणं आहे की नाही, एवढाच फरक.

हे शिकवणं कागदावर लिहून द्यावं लागतं. त्या कागदाचं नाव डीएस-७००२. प्रत्येक टप्प्यात कोण शिकवणार, काय शिकवणार, कसं शिकवणार, ते आलं की नाही हे कसं तपासणार, पैसे किती देणार, सगळं त्यात लिहायचं असतं. त्यावर तुमची सही, हॉटेलच्या सुपरवायझरची सही आणि स्पॉन्सरची सही. स्पॉन्सर म्हणजे हॉटेल नव्हे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली मधली संस्था, जी तुमचा डीएस-२०१९ काढते आणि तुमच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी घेते.

तीन टप्पे, एक मजकूर

मावसभावाच्या डीएस-७००२मध्ये चार-चार महिन्यांचे तीन टप्पे होते. फ्रंट ऑफिस, रेस्टॉरंट, हाउसकीपिंग. मी तिन्ही टप्प्यांचा मजकूर वेगवेगळ्या फायलींत टाकला आणि डिफ लावला. डिफ म्हणजे दोन फायलींत नेमका काय फरक आहे ते दाखवणारं टूल. आम्ही ते दिवसातून दहादा वापरतो. फरक किती निघाला? विभागाचं नाव आणि तारखा. 'पाहुण्यांच्या सेवेचे उच्च निकष आत्मसात करणे' तिन्हीकडे. शिकवणाऱ्याचं नाव तिन्हीकडे एकच. फक्त पहिल्या टप्प्यात एक वाक्य जास्त होतं: हॉटेलचं बुकिंग सॉफ्टवेअर वापरायला शिकवलं जाईल.

मी एजंटला फोन केला. तो हसून म्हणाला, "अहो सर, हा फक्त फॉर्म आहे. सगळ्यांचा असाच असतो."

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. सगळ्यांचा असाच असतो, हे बहुधा खरं असावं. त्रास त्याचाच आहे.

भाऊ गेला. जाऊ नको म्हणण्याचा अधिकार मला नव्हता आणि तसं मला म्हणायचंही नव्हतं. पतसंस्थेतून मावशीचं सोनं तारण ठेवून तीन लाख ऐंशी हजार उभे केले होते आणि त्यातले बरेचसे आधीच भरून झाले होते. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. पहिला टप्पा हाउसकीपिंगचा झाला, कारण सीझन होता आणि माणसं कमी होती. दुसरा टप्पाही हाउसकीपिंगचा झाला, कारण सीझन संपला होता आणि हंगामी माणसं निघून गेली होती. सहाव्या महिन्यात मूल्यमापनाचा फॉर्म आला. सुपरवायझरने सगळीकडे 'उत्तम' लिहिलं, भावाने सही केली. शेवटचे सहा आठवडे रेस्टॉरंटमध्ये टेबलं आवरली. फ्रंट ऑफिसचा टप्पा आलाच नाही.

त्याला काही आलं नाही असं नाही. आठ तासांत चौदा खोल्या तयार करतो. चादरीचा कोपरा असा दुमडतो की बघत राहावं. त्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण परत आल्यावर गोव्यातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिससाठी मुलाखत दिली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो बुकिंग सॉफ्टवेअरचा. त्याच्या सर्टिफिकेटवर ते शिकल्याचं लिहिलंय. त्याने ते कधी उघडलेलंसुद्धा नव्हतं.

त्याने सहाव्या महिन्यात सही का केली, हे मी विचारलं. उत्तर दोन भागांत आलं. एक, पतसंस्थेचा हप्ता. हॉटेलने काढलं तर कार्यक्रम संपतो, कार्यक्रम संपला की परत यावं लागतं. हा भाग कोणालाही कळेल. दुसरा भाग असा: "मावशीने, काकांनी सगळ्यांना सांगितलं होतं की मी फ्रंट ऑफिसला आहे. तक्रार केली असती तर आधी घरी सांगावं लागलं असतं की मी संडास धुतोय."

यात कोणाचा काय फायदा

अमेरिकी हॉटेलला खरोखरच हंगामी कामगार हवे असतील तर त्यासाठी वेगळा व्हिसा आहे, एच-२बी. पण तिथे मालकाला आधी सिद्ध करावं लागतं की स्थानिक माणूस मिळत नाही. त्या भागात त्या कामाला जो प्रचलित दर आहे तो द्यावा लागतो. कामगाराकडून भरतीची फी घ्यायला बंदी आहे. आणि वर्षाला ६६,००० ही कायद्यातली मूळ मर्यादा. आमच्या क्षेत्रातल्या एच-१बीबद्दल तर रोज बातमी असते. त्यातही प्रचलित वेतनाची अट आहे.

जे-१च्या इंटर्न आणि ट्रेनीला यातलं काही लागू नाही. किमान वेतनाचा कायदा लागू आहे, पण प्रचलित दराची अट नाही. वार्षिक मर्यादा नाही. फी तुम्हीच भरता. शिवाय एक बारीक गंमत आहे. अमेरिकेत प्रत्येक पगारावर मालकाला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरपोटी ७.६५ टक्के भरावे लागतात, आणि तेवढेच कामगाराच्या पगारातून कापले जातात. जे-१वर नव्याने आलेल्या ट्रेनीला यातून सूट आहे. एजंट तुम्हाला तुमच्या सुटीबद्दल सांगतो, 'कपात कमी, हातात जास्त', आणि ते खरंही आहे. मालकाच्या सुटीबद्दल तो बोलत नाही. समजा तासाला १५ डॉलर, आठवड्याला ४० तास आणि वर्षात ५० आठवडे. पगार झाला ३०,००० डॉलर. मालकाचे वाचले २,२९५ डॉलर. एका ट्रेनीमागे. असे वीस ट्रेनी धरा आणि गुणाकार तुम्हीच करा.

ही सूट लबाडी नाही. जो शिकायला आलाय आणि परत जाणार आहे त्याच्याकडून म्हातारपणीच्या पेन्शनचे पैसे का घ्यायचे, असा त्यामागचा सरळ विचार आहे. पण तो विचार 'शिकायला आलाय' या दोन शब्दांवर उभा आहे. शिकवणं काढून टाका, उरतो तो स्वस्त पडणारा कामगार.

स्पॉन्सरने लक्ष ठेवायचं असतं. पण त्याचं उत्पन्न फीमधून येतं आणि हॉटेलं नाराज झाली तर पुढच्या वर्षी पोरं पाठवायची कुठे? नियमानुसार प्रत्यक्ष जाऊन पाहणी करण्याची सक्ती आहे, ती पहिल्यांदाच सहभागी होणाऱ्या लहान जागांसाठी: कर्मचारी २५पेक्षा कमी किंवा वार्षिक उलाढाल ३० लाख डॉलरपेक्षा कमी. मोठ्या रिसॉर्टला ही सक्ती नाही. तिथे कागद बोलतो, आणि कागद कसा असतो ते आपण वर पाहिलं.

आणि आपल्याकडचा एजंट? परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला भारतात १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. 'आम्ही नोकरी कुठे लावतो, आम्ही तर ट्रेनिंगला पाठवतो' असं म्हटलं की ही मर्यादा कोणी आठवतच नाही. अमेरिकी सरकारची व्हिसा फी १८५ डॉलर आणि सेव्हिस फी २२० डॉलर. दोन्ही मिळून ३५ हजार रुपयांच्या आसपास. बाकीच्या पैशांत स्पॉन्सरची फी, विमा, तिकीट आणि एजंट. यातलं एजंटचं किती, हे आमच्या पावतीवर लिहिलेलं नव्हतं. तिथे एकच ओळ होती: 'प्रोसेसिंग'.

काकांशी दोन शब्द

आता पंगतीतल्या काकांकडे वळतो, कारण त्यांना सोडून देणं बरोबर होणार नाही.

काका, उष्टी काढणं यात नेमकं वाईट काय आहे? तुमच्या घरी ती कोण काढतं? आमच्या सोसायटीत भांड्यांना येणाऱ्या मावशींना कोणी ट्रेनी म्हणत नाही. त्या कामगार आहेत, पगार ठरवून घेतात, सुट्टीवरून भांडतात आणि दिवाळीला बोनस मागतात. दुसऱ्याचं उष्टं उचलायचं काम कोणाच्या वाट्याला यायचं हे आपल्याकडे शतकानुशतकं जन्मावरून ठरत आलं, म्हणून तुम्हाला त्या शब्दाची शिसारी येते. तुमच्या मुलाने शेअर मार्केटमध्ये चार लाख घालवले तर तुम्ही ते पंगतीत सांगाल. त्याने वर्षभर खोल्या साफ करून चार लाख मिळवले तर लपवाल.

गोव्याच्या तारवटींनी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, स्टुअर्ड, बटलर म्हणून काम केलं. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांचे गावोगावचे कूड उभे राहिले, दोन सफरींच्या मधे राहायला. त्यांनी जगाला वाढलं, जगाची उष्टी काढली आणि त्या पैशांवर गावाकडची घरं उभी केली. त्या कामाला काम म्हणायची त्यांना लाज नव्हती. खलाशांच्या युनियन मुंबईत होत्या, आजही आहेत. कारण आपण कामगार आहोत हे ज्याला कबूल असतं, तोच युनियन करू शकतो.

अमेरिकेतही हे घडलंय. २०११च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शी चॉकलेटच्या पॅकिंग प्लांटमध्ये जे-१च्याच दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे उन्हाळी कामाच्या व्हिसावर आलेले शेकडो विद्यार्थी काम सोडून रस्त्यावर आले. वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांची भाषा न येणारी ही मुलं. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणून आली होती आणि जड खोकी उचलत होती. त्यांनी आम्ही पाहुणे आहोत असं म्हटलं नाही. आम्हाला कामगारासारखं राबवताय तर कामगारासारखं वागवा, असं म्हटलं. पुढच्या वर्षी परराष्ट्र खात्याला त्या प्रकाराचे नियम बदलावे लागले. ते का झालं? कारण त्या मुलांनी आपण प्रत्यक्षात काय काम करतोय ते सगळ्यांसमोर सांगितलं.

आपली मुलं सांगत नाहीत, कारण आपण त्यांना सांगू देत नाही. स्टेटसला टाइम्स स्क्वेअरचा फोटो हवा असतो, मॉपचा नको. ही लाज एजंटच्या सगळ्यात उपयोगाची आहे. तिच्यामुळे त्याच्या विरुद्धचा पुरावा पुढच्या बॅचपर्यंत पोहोचतच नाही.

मग जायचं की नाही?

जायचं असेल तर जा. मी काही 'आपला देश सोडून जाऊ नका' छाप लेख लिहीत नाहीये. माझ्या ओळखीतली एक मुलगी रॉकी पर्वतातल्या एका रिसॉर्टमध्ये होती. तिला तीन विभाग खरोखर फिरवले, महिन्यातून एकदा मॅनेजर शेजारी बसवून हिशेब दाखवायचा. ती आज त्याच ज्ञानावर पुढे गेली आहे. चांगल्या जागा आहेत. म्हणूनच निवड करण्याला अर्थ आहे. फक्त निवड देश बघून, ब्रँड बघून किंवा डोंगर बघून करू नका. डीएस-७००२ बघून करा.

पैसे भरायच्या आधी तो कागद मागा. 'नंतर येतो' म्हणाले तर पैसेही नंतर. आला की टप्पे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. डिफ टूल नको, डोळे पुरतात. प्रत्येक टप्प्यात शिकवणारा वेगळा आहे का? टप्पा संपल्यावर मला नेमकं काय येत असेल, ज्याची परीक्षा घेता येईल? 'पाहुण्यांच्या सेवेचे निकष' याची परीक्षा घेता येत नाही. 'रात्रीचा हिशेब एकट्याने बंद करणे' याची घेता येते. मजकूर मोघम असेल तर बदलून मागा. तो सही होण्याआधी बदलता येतो, कारण तो सरकारी छापील दाखला नाही, तुमच्यासाठी लिहिलेली योजना आहे.

त्या हॉटेलात गेल्या दोन वर्षांत गेलेली मुलं स्वतः शोधा. इन्स्टाग्रामवर लोकेशन टॅग असतो, एवढं तुम्हाला मी शिकवायला नको. एजंटने दिलेल्या नंबरवरचा माणूस एजंटचाच असतो. त्यांना एकच विचारा: किती विभाग झाले? मग पैशांचं लेखी घ्या: तासाला किती, आठवड्याला किती तासांची हमी, ४०च्या वर दीडपट मिळतात का, खोलीचं भाडं पगारातून किती कापणार, टिप कोणाची. आणि एजंटच्या पावतीवर 'प्रोसेसिंग' ही एक ओळ चालणार नाही, प्रत्येक फी वेगळी लिहून द्या म्हणून सांगा.

घाई करू नका. 'पदवीला १२ महिने व्हायच्या आत गेलं नाही तर संधी गेली' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवतील. वर लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आता काढा. बारा महिने उलटले तर इंटर्नचं दार बंद होतं, ट्रेनीचं उघडतं. इथे एक वर्ष नोकरी करा, मग ट्रेनी म्हणून जा. मुदत तेवढीच मिळते. आणि ज्याने पुण्यात किंवा पणजीत वर्षभर काम केलंय, त्याला पहिल्या आठवड्यातच कळतं की आपल्याला शिकवताहेत की वापरताहेत. एजंटला तुम्ही तेविसाव्या वर्षापेक्षा एकविसाव्या वर्षी जास्त का आवडता, याचं उत्तर यातच आहे.

आणखी एक. 'एकदा पोहोचलास की पुढे बघू, ग्रीन कार्डची सोय होते' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. हा परत येण्याचा व्हिसा आहे. बीकेसीच्या खिडकीत तुम्ही परत येणार आहात हे अधिकाऱ्याला पटावं लागतं.

तिथे गेल्यावर दर रविवारी चार ओळी लिहून ठेवा: या आठवड्यात कुठल्या विभागात होतो, कोणी काय शिकवलं. मधल्या मूल्यमापनाच्या वेळी ती वही समोर ठेवूनच सही करा. जे झालं नाही ते झालं म्हणून लिहू नका. टप्पा बदलला नाही तर आधी सुपरवायझरला, मग स्पॉन्सरला ईमेलवर कळवा, तोंडी नको. स्पॉन्सर ऐकत नसेल तर परराष्ट्र खात्याची जे-१साठीची हेल्पलाइन आहे. २००८च्या एका अमेरिकी कायद्यामुळे व्हिसाच्या वेळी तुम्हाला हक्कांची माहिती देणारी पुस्तिका मिळते. ती बॅगेच्या तळाशी घालू नका.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो भावानेच घेतला: "एवढे प्रश्न विचारले तर ते दुसऱ्याला घेतील. रांगेत पन्नास जण आहेत." बरोबर आहे. एकट्याने विचारलं तर जागा जाते. म्हणून बॅचने विचारा. तीस मुलांच्या वर्गाने एकाच दिवशी 'डीएस-७००२ दाखवा, मग पैसे' म्हटलं तर एजंट तीसही मुलं सोडणार नाही. आणि कॉलेजांनी यात पडायलाच हवं. दारावर 'इंटरनॅशनल प्लेसमेंट'चा फ्लेक्स लावता, तर त्याखाली हेही लावा: या वर्षी किती गेले, कागदावर किती विभाग होते, प्रत्यक्षात किती झाले. हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण या राज्याला नवीन नाही. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ सालचं आहे. एवढ्या वर्षांत माजी विद्यार्थ्यांना फोन करून हे तीन आकडे गोळा करता येऊ नयेत?

ज्यांना फक्त पैशांसाठी जायचंय त्यांना माझा एक शब्दही विरोध नाही. पैसा मिळवणं हे उत्तम कारण आहे. मग घरी तसं सांगा: मी कामाला चाललोय. कर्ज, व्याज, भाडं, तिकीट सगळं वजा करून महिन्याला किती उरतात ते मांडा आणि इथल्या पगाराशी ताडून बघा. ज्यांना शिकायला जायचंय त्यांनी शिकवण्याचा हिशेब मागा. दोन्हीही चालेल. फक्त कामाचं दुखणं ट्रेनिंगच्या नावाखाली आणि ट्रेनिंगची थाप डॉलरच्या नावाखाली झाकू देऊ नका.

ट्रेनिंग हा शब्द आपण शोधलेला नाही. तो त्यांच्या कायद्यात आहे, त्यांच्या फॉर्मवर आहे, एजंटच्या रीलवर आहे, कॉलेजच्या फ्लेक्सवर आहे. त्या शब्दावर हॉटेलला करात सूट मिळते, स्पॉन्सरला फी मिळते, एजंटला कमिशन मिळतं आणि काकांना पंगतीत सांगायला काहीतरी बरं मिळतं. सगळ्यांचं देणं चुकतं झालं. आता ज्याच्या नावावर हे सगळं चालतं त्या पोराचं तेवढं द्यायचं राहिलंय. ते मागायला लाजू नका.